अस्तर

डॉक्टर म्हणाल्या, अस्तर अजून पातळ आहे.
सहा पूर्णांक आठ.
आठ तरी व्हायला हवं.

मी हसले. त्यांना वाटलं, घाबरून.
अकरा वर्षं मी अस्तरच लावतेय
गावभागातल्या बायकांच्या ब्लाऊजना,
टू बाय टूचं, आधी रात्रभर भिजवून,
म्हणजे नंतर आटत नाही.
आणि माझंच आतलं
मिलिमीटरवर अडून बसलंय.

गोळ्या वाढवल्या. शेवटची रात्री नऊला.
सासूबाईंचं जेवण दिवस मावळायच्या आत,
मग पाण्याचा घोटसुद्धा नाही,
पण नऊचा गजर त्यांच्याच फोनवर,
आणि तांब्या घेऊन त्याच उभ्या.

पहिल्या खेपेला पाच झाले होते.
एक तेव्हाच आत सोडला. ती आमची शर्वरी,
आता बुटाची नाडी स्वतः बांधते, उलटी.
दोन नंतर वितळवले. रुजले नाहीत.
उरले दोन.
सगळे एकाच दिवसाचे, तिच्याच वयाचे,
फक्त यांचा सहावा दिवस
अजून उजाडायचाय.

धनपाल बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजला, तासगाव रोडला.
त्याला थंडी आकड्यांत कळते.
चार अंश, बॉक्सवर लॉट नंबर, बागायतदाराचं नाव,
वर्षानं उघडा, बेदाणा हिरवाच.
पहिल्या भेटीत त्यानं एकच विचारलं होतं,
लाईट गेली तर?
याला लाईट लागत नाही, म्हणाल्या,
उणे एकशे शहाण्णव.
गाडीवर गप्प होता. आयर्विन पुलावर आल्यावर म्हणाला,
एवढ्या गारठ्यात कुणी राहतं का गं.

पुराच्या वर्षी शंभर फुटी रोडला पाणी चढलं
तेव्हा हॉस्पिटलच्या पोरांनी ती टाकी
जिन्यानं तिसऱ्या मजल्यावर नेली म्हणे.
आम्ही मिरजेत, नणंदेकडे. शर्वरी कडेवर.
मला मशीन आठवलं, लोकांची कापडं आठवली,
रेशनकार्ड आठवलं.
टाकी चौथ्या दिवशी आठवली.
हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

परवा गाळण्याचं फडकं
जपून पाण्यात सोडता सोडता
सासूबाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या,
त्यात जीव आहे का गं, आत्ता?
वाटेवर मुंगी दिसली तर थांबणारी बाई.
मला उत्तर आलं नाही.
जरा वेळानं त्यांनीच दोन बोटं वर केली.
दोघांनाही आण. एकट्याला तिथं ठेवू नको.

डॉक्टर म्हणतात, एकच.
मी ते घरी अजून बोलले नाही.

आज सोनोग्राफी झाली. आठ पूर्णांक एक.
बाईंनी पडद्यावर तीन रेघा दाखवल्या,
मला त्या खडूनं आखल्यासारख्या वाटल्या,
कापायच्या आधी आखतात तशा.
गुरुवारी अकराला. पोटभर पाणी पिऊन,
लघवी धरून, अत्तर न लावता यायचं.

बुधवारच्या आत चौगुल्यांच्या सुनेचा ब्लाऊज द्यायचाय,
डोहाळजेवणाचा, हिरवा, काठ जपून.
सातवा लागलाय, माप रोज बदलतंय.
दारातनंच विचारत होती,
वहिनी, अंगात होईल ना त्या दिवशी?
दातांत दोरा होता. तो तोडून मी म्हटलं,
होईल की.
आत माया सोडलीय,
दीड दीड इंच, दोन्हीकडनं.