सातवी नळी

वासांच्या दालनात माझं काम एवढंच:
बटण कुठलं ते दाखवायचं,
आणि मुलांनी नळीत नाक खुपसलं
की म्हणायचं, ‘लांबून रे, लांबून.’

काचेआड केसाएवढी पोकळ तार
वेटोळं घालून बसलेली.
एका टोकाला जिरावणाचा वास सोडायचा,
(इंदुरात दुसरं काय सोडणार?)
दुसऱ्या टोकाला सगळे एकदम पोचत नाहीत.
हलके पळत सुटतात,
जड भिंत धरून रेंगाळतात,
पडद्यावर एकेकाचं शिखर उभं राहतं.
सहा शिखरं, सहा नळ्या. ओळखा.

मंगळवारी कचरागाडीवरच्या बायकांना फुकट पास होते.
ड्युटीच्या जाकिटातच आल्या अकराजणी.
दहाजणी वाकड्या आरशांपुढे हसत राहिल्या.
द्वारकाबाई खरात एकट्याच इकडे.

‘लवंग. जुनी आहे, दम गेलेला.’
‘जिरं, करपायच्या जरा आधीचं.’
‘कालची अंडी... नाही, काळं मीठ.’
‘सुंठ. ओल लागलीय.’
पाचवी, सहावी चालता चालता.
यंत्र बसवायला आलेल्या इंजिनियरला चार आले होते.

‘ह्याला किती वेळ लागतो?’
बावीस मिनिटं, मी म्हटलं.
‘आम्हाला कोण देतंय बावीस मिनिटं?
पिशवी हातात आली की कळायला हवं,
ओलं, सुकं,
की बाळाचं लंगोट पेपरात दडवलंय.’

सातव्या नळीत काहीच नसतं.
गाळलेली हवा नुसती.
मी सांगत नाही कुणाला.
मुलं म्हणतात गुलाब,
एक आजोबा ठामपणे म्हणाले रॉकेल,
एका बाईंना आईचा पदर आठवून रडू फुटलं.
मी सगळ्यांनाच म्हणते, वा, अगदी जवळ आलात.

द्वारकाबाईंनी बटण दाबलं.
परत दाबलं.
तिसऱ्यांदा डोळे मिटून.
‘ह्यात कोणी नाही,’ म्हणाल्या.
आणि थोड्या वेळानं, लाजून,
‘अजून एकदा घेऊ?’

दालन बंद व्हायची वेळ झाली होती.
मी घड्याळाकडे पाहिलं नाही.

बुधवारी रामबागेत गाडी आली, गाणं वाजवत.
मी दोन्ही डबे पुढे केले.
झाकण अजून लागलेलंच होतं.
‘काल दूध उतू गेलं तुमचं,’ त्या म्हणाल्या,
‘आणि सुक्यात मेथीची देठं आहेत.
काढा.’

गाडी थांबवून धरली त्यांनी.
मी उंबऱ्यावर बसले,
निवडू लागले.