कौल

देवबागेत माडाखालच्या जांभ्या दगडाला
आम्ही देव केला, खेळायला एक गडी कमी होता म्हणून.
बाबल गुरव. कमरेला बापसाचा पंचा.
तगरीच्या ओल्या पाकळ्या दगडाला डकवायच्या:
उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाय.
आज पेडव्यांचं तिखलं? उद्या मास्तर आजारी?
कौल अडला की बाबल हळूच फुंकर घालायचा.
सगळ्यांना दिसायची ती फुंकर.
सगळे ओरडायचो, होय म्हाराजा!

एकदा शेवंतीने विचारलं,
आये ओरोसच्या दवाखान्यातून घरी येतली?
बाबलने तोंड मिटून घेतलं.
वारा पडलेला. खाडी तेलासारखी.
कोणीच श्वास सोडेना,
पाकळीला धक्का लागेल म्हणून.

कुठली पडली, आठवत नाही.
त्या दगडाला पाय लागला तर
पुढे कितीतरी दिवस
हात लावून कपाळाशी न्यायचो, एवढं आठवतं.

आता तिथे होमस्टेच्या खोल्या बांधतोय.
गवंडी विचारतो, हा काढू?
दगडच तो, मी म्हटलं,
आणि बादलीतलं ओंजळभर पाणी मागितलं.
बघ रे, तगर फुललीय का कुठे.