मनेगेलस

आमच्या कन्नडच्या बाई गृहपाठाला म्हणतात मनेगेलस.
घरकाम म्हणजे.
मग आई करते तेही मनेगेलसच,
फक्त तिची वही कुणी तपासत नाही.

वडगावात आमचं घर म्हणजे दोन माग आणि उरलेली जागा.
उरलेल्या जागेत आम्ही पाच जण, देव, गॅस,
आणि सुताच्या कोनांची खोकी. त्यातलं एक माझं टेबल.
सकाळी सातापासून खटक् खटक्, खटक् खटक्,
आम्ही जन्मापासून ओरडूनच बोलतो.
शाळेत बाई म्हणतात, "अंबिका, हळू. मी इथंच आहे."

आज सहाला बसले.
बीजगणित, नऊ गणितं.
कन्नड निबंध, पंधरा ओळी, माझा आवडता पक्षी.
आधी पेन्सिलीला टोक केलं.
मग तिच्या दुसऱ्या बाजूलाही केलं.
समासाची रेघ वाकडी आली म्हणून पान फाडलं,
तर त्याच्या जोडीचं मागचं पान सुटून हातात आलं,
त्यावर गेल्या महिन्यातला भूगोल. तो वाचला.
परीक्षेलासुद्धा इतक्या आवडीनं वाचला नव्हता.
पाणी प्यायले.
पक्ष्याचा विचार करता करता लक्षात आलं,
मला एकही पक्षी आवडत नाही.

सात वाजून दहा मिनिटांनी करंट गेला.

"बघ, शांत झालं," आई ओरडली.
"आता कर की गे अभ्यास."
पण शांततेत काय करतात
ते आमच्या घरात कुणाला ठाऊक?
नळाचा थेंब ऐकू आला,
आमचा नळ गळतो हेच मला नवीन.
भिंतीपलीकडं शिवलीला पाढे म्हणत होती,
ऐदोंद्ले ऐदु, ऐदेरड्ले हत्तु,
मी तिच्याबरोबर पन्नासपर्यंत गेले
आणि रिकाम्या हातानं परत आले.
खानापूरच्या गाडीचा हॉर्न.
कुणाच्या तरी घरात कढईत मोहरी.
थेंब.

"अंबे, बॅटरी धर जरा."
अप्पा डाव्या मागाशी वाकलेले.
ताण्याचे सत्तावीसशे धागे, त्यातले काही तुटलेले.
मी सगळीकडं उजेड फिरवायला लागले.
"सगळीकडं नको गे. सगळा ताणा बघितलास तर डोळं फिरतात.
बोटभर जागा धर.
न्हाई मिळाला तर पुढची बोटभर."
चिडूनच बोलत होते,
शनिवारी व्यापाऱ्याला साडी द्यायची होती.

मिळाला.
थुंकी लावून पीळ, एक गाठ,
इतकी बारीक की लगेच मलाच सापडेना.
पुढचा.
असे सहा. चौथ्याला माझा हात हलला
आणि मला ओरडा बसला.

मग तीच बॅटरी घेऊन खोक्याशी आले.
वहीवर बोटभर उजेड.
त्यात नऊ गणितं मावत नव्हती.
पक्षी मावत नव्हता, उद्याच्या बाई मावत नव्हत्या.
एक कंस मावत होता.
तो उघडला. आत एक वजाचं चिन्ह
मी कालच कुठंतरी सोडून दिलेलं.
ते बांधलं.
उजेड खाली सरकवला.

करंट कधी आला ते मला सांगता येणार नाही.
आई म्हणते, आठाला आला,
दोन्ही माग सुरू झाले,
अप्पा जेवायला दोनदा हाक मारून गेले,
आणि मी भर उजेडात बॅटरी लावून बसले होते,
येड्यासारखी, सेल जाळत.

सात झाली. आठवं अडलं,
तिथं सुताचा तुकडा ठेवून वही मिटली.
निबंध झाला नाही.
उद्या बाईंना सांगीन, पक्षी अजून ठरायचाय.
हळू सांगीन.
आणि शिवलीलाला विचारीन
थेंबाला कन्नडात काय म्हणतात.

आता ऐकू येत नाही तो.
पडत असणार.