एकच व

डहाणूकर कॉलनीतली माझी गॅलरी.
दोन खुर्च्या, एक स्टॉपवॉच,
वरच्या मजल्यावरून ठिबकणारं कुंडीचं पाणी.
इथे मी परीक्षक होते,
तासाला चारशे रुपयांत.

ती चाकणहून येते, दोन बस बदलून.
आडनाव आधी सांगते: ल्याओ.
पहिल्या दिवशी मला ऐकू आलं, ल्या, ओ,
काजळ ल्या, जोडवी ल्या, तसं काही.
अर्थ सांगितला तर वहीत लिहून घेतला, चौकटीत.
सगळंच लिहून घेते.
वडील साच्यांच्या कारखान्यात आहेत.
त्यांना मराठीतलं ‘हळू’ आणि ‘अजून थोडं’ येतं,
तेवढ्यावर मशीन चालतं.
हिला मात्र साडेसहा हवेत, चारही रकान्यांत,
तरच पुढचं विद्यापीठ दार उघडणार.

तिच्या शब्दांच्या पुस्तकातला पहिलाच शब्द
अबॅन्डन. सोडून देणे.
चार वेळा सुरुवातीपासून सुरुवात केली, म्हणते,
म्हणून तो एक शब्द अगदी पक्का.
हसताना तोंडावर वही धरते.

आमचं भांडण होतं ते ‘द’वरून.
तिच्या भाषेत ‘द’ नाही.
माझ्याही नाही.
चंद्र म्हणजे चंद्र, कुठला ते आभाळ बघून घेईल.
तरी मी लाल पेनाने ‘द’ टाकत जाते,
भाजीवालीने वर टाकलेल्या कोथिंबिरीसारखा,
हाताला येईल तसा.
ती नियम विचारते.
मी पान उलटते.

मग एकदा तिने मोबाइलवर माझाच आवाज ऐकवला.
टीचर, हे बनियन आहे की पश्चिम दिशा?
दोन्ही वेळा मी वेस्टच म्हणाले होते.
पन्नास वर्षांत एकच व पुरला होता मला,
वरण, वांगी, वाट, विहीर,
वसुली आणि वनवास,
सगळं त्यातच शिजलं.
तिने खालचा ओठ दाताखाली धरून दाखवला,
मग ओठांचा चंबू करून.
मी तिच्यासमोर बसून तशीच तोंडं करत राहिले.
वरच्या कामत बाई झारी हातात घेऊन
बघत उभ्या.

आज कार्ड आलं: हरवलेली एक वस्तू. दोन मिनिटं.
तिचं उत्तर पाठ आहे,
शांघायच्या स्टेशनात गेलेलं तपकिरी पाकीट.
शांघाय तिने पाहिलेलं नाही.
क्लासातल्या सगळ्यांचं तेच पाकीट
तिथेच हरवतं.
स्टेशनाच्या पायऱ्यांपर्यंत आली आणि थांबली.
मी पेन उचललं.
मग म्हणाली, आजी फोनवर बोलते, गावचं बोलणं,
मी उत्तर देते, शाळेचं बोलणं.
आजी म्हणते, तू बातम्या सांगतेस.
बातम्या संपल्या की मला दे, म्हणते,
माझ्या नातीला फोन दे.

एकही ‘द’ नाही.
काळ चुकलेला, सगळं आत्ताच घडत असल्यासारखं.
स्टॉपवॉच दोन मिनिटं चाळीसवर,
आणि मी ते थांबवलेलं नाही.

लोणंदहून आले तेव्हा मी सतरा वर्षांची होते.
व्हय म्हणायचे.
मेसमध्ये कुणी विचारलं, पोळी वाढू? व्हय.
पलीकडच्या टेबलावरच्या मुली हसल्या,
फार नाही, पुण्यात हसतात तेवढंच.
आठवड्यात माझं ‘हो’ झालं.
खरं तर थोडासा दात, थोडीशी वाफ,
तो दुसरा व
माझ्या तोंडात होता की.

वहीत लिहिलं: विषय सोडून. वस्तू कुठे आहे?
आकडा घातला नाही.
किती, टीचर?
शनिवारी मात्र, म्हटलं, पाकीटच हरव.
तिने लिहून घेतलं.
चौकटीत.