एका खिळ्यावर

एका खिळ्यावर दोन कॅलेंडरं होती आमच्या घरी.
वरचं आईचं, संतांच्या नावांनी गच्च,
शुक्रवारच्या चौकटीत इवलासा मासा छापलेला.
खालचं बाबांचं, मिशनचं :
रोज एक वचन, बाकी कागद कोरा.
बाबांचा महिना उलटायचा तर
आधी आईचं कॅलेंडर उचलून धरावं लागे.
थिओफिल कंपाउंडर हे काम
मिक्श्चर मोजावं तसं, न बोलता करत.

वेंगुर्ल्यात शुक्रवारी मटण सोडायचं,
आणि पाटीत बांगडे फडफडतायत!
केवढा हा त्याग, बाबा हसत.
मग एका वर्षी आईने
चाळीस दिवस बांगडेही सोडले.
बाबा पेज-लोणचं घेऊन तिच्यासमोर बसले.
नियम म्हणून नाही.
'एकट्यासाठी कोण कालवण करणार.'

राखेच्या बुधवाराआधी
गेल्या वर्षीची वाळकी झावळी
माळ्यावर चढून तेच काढून देत.
ती आईच्या कपाळावर परत येई.
बाबांच्या चर्चमध्ये राख नव्हती.
ते बोट लावत नसत. विचारत, जेवलीस?

सायबिणीच्या फेस्ताला आई नवी कणसं आणी,
दारावर बांधी.
बाबांच्या हंगामाच्या सणात लिलाव :
एकच भोपळा तीनदा विकला जाई
आणि हटकून आमच्याच घरी येई.

अडे ते एकाच दिवशी. दोन नोव्हेंबर.
'ते पोचले, इस्पेरांस.
पोचलेल्याला कसली वाट दाखवतेस?'
आई मेणबत्त्या पिशवीत घालून
एकटीच सिमितेरीत जाई.

यंदा ती तिथेच आहे.
माती अजून बसलेली नाही.
मी काडी ओढली. मतलई वारा सुटलेला.
दोनदा विझली.
फाटकापाशी थांबलेले बाबा तेव्हा आत आले,
छत्री उघडून उकिडवे बसले
कोरड्या आभाळाखाली.
'प्रार्थना नाही करत,' म्हणाले,
'वारा अडवतोय.'

मेण संपेस्तोवर अडवला.
गुडघे धरून उठले तेव्हा
छत्रीची एक काडी वाकली होती.

घरी खिळ्यावर ऑक्टोबरच होता.
त्यांनी आधी वरचं पान उलटलं,
चष्मा पुसला, बोट ठेवलं.
हे हिरव्या शाईतलं काय असतं गं?
साधे दिवस, मी म्हटलं. सण नसलेले.
'हे माझ्यातही आहेत,' म्हणाले,
आणि पेज गरम करायला गेले.