पिवळा, निळा, नऊ मीटर

आराखड्यात रहिवास पिवळा, व्यापार निळा.
विश्रामबागेचा हा कोपरा मीच रंगवलेला,
नोकरीचं पहिलं वर्ष, हात थरथरायचा.
मधला नऊ मीटरचा रस्ता पांढरा सोडला
आणि चहाला गेलो.
कागदाला रात्र नसते
हे तेव्हा कुणी सांगितलं नाही.

आज आवाज मोजायचं यंत्र घेऊन
निर्मला उपाध्यांच्या गच्चीवर उभा आहे.
शुक्रवार, दहा चाळीस.
पिवळ्याला पंचेचाळीस, निळ्याला पंचावन्न.
काटा अडुसष्टवर.
समोर चांदणी गार्डनात वाढदिवस,
हळदीच्या कुठल्याशा अडत्याचा पोरगा,
केक कापायचा सोडून माइकवर बोलतोय.

बाई दिवस बुडायच्या आत जेवतात,
नऊला पाठ टेकतात,
साडेतीनला कणीक. बत्तीस डबे.
"तीन वर्षं झाली ओ,
परातीवरच झोप काढते मी.
हाताला कळतंय किती मळायचं, म्हणून चाललंय."

खोत जिना चढून आले,
चपला दाराशी, हातात परवान्याची घडी.
भिंतीला फोम मारलाय, स्पीकर आत वळवलेत.
"साहेब, रात्री सांगलीत माणसानं जायचं कुठं?
नाटक लागलं तर लागलं. घाटावर अंधार.
पोरं पुण्याला का पळतात, तेपण लिवा की."
खोटं नव्हतं.
रकाना नव्हता.

बाराला दिवे गेले.
एकेचाळीस. कुत्रीसुद्धा गप्प.
मग मागच्या अंगाला नळ सुटला,
ताटल्या, पातेली, कानडीत एक शिवी,
तिच्यावर कुणाचं तरी हसू.
बावन्न.

मी आकडा लिहिणार
तोच बाईंनी कागदावर पंजा ठेवला,
पिठानं भेगाळलेला.
"तो इराप्पा. जतकडचा.
आठजण आहेत, स्वयंपाकघरावरच्या पत्र्यावर झोपतात.
एकला अंग टाकायचं, पाचला दुधाची गाडी.
सकाळचे आठ डबे माझेच जातात त्यांना,
पेंगत जेवतात हो.
त्यांचीपण तक्रार घ्या लिहून.
पहिली त्यांची घ्या."

नमुना उलटसुलट पाहिला.
तक्रारदार: रहिवासी क्षेत्रातला असावा.
निळ्यात कुणी झोपत नाही
असं धरूनच आम्ही रंग भरला होता,
एकसारखा, कडेच्या बाहेर न जाता.

खोत काही बोलले नाहीत.
अंधारात चपला चाचपत राहिले,
पायात भलत्याच आल्या, बाईंच्या,
त्या काढायलाही वेळ लागला त्यांना.

यंत्र बंद करून मी कठड्याशी गेलो,
पत्र्यावरची अंथरुणं मोजली.
सात.
आठवा खाली
अजून कढई घासत होता,
सावकाश,
आवाज होऊ नये अशा बेतानं.