पान दोनशे सहा

हार्लिंगनमध्ये आम्ही खिडक्यांना पडदे लावत नाही.
ज्याला लपवायचंय त्यानं लावावा, असं आमच्या आज्या म्हणायच्या.
म्हणून रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसतं
माझं तोंड उघडं टाकून पेंगणं,
बुधवारचं वाटाण्याचं दाट सूप,
आणि येल्मरची खुर्ची, जिच्यावर आता इस्त्रीचे कपडे असतात.
जाणारा बघतो, मान हलवतो, पुढे जातो.
पुढे जातो, हे महत्त्वाचं.

नवी किटली पुढे जात नाही.

मुलीनं दिली, डिसेंबरात.
पाणी उकळायला तिला माझी जन्मतारीख लागली.
कशाला, म्हटलं.
"सगळ्यांनाच लागते, आई."
चौतीस पानांचा करार होता.
मी चष्मा आणेपर्यंत मुलीनं 'मान्य' दाबलं होतं.
चाळीस वर्षं मी बंदराच्या कचेरीत जहाजांचे कागद तपासले,
एका चुकलेल्या आकड्यापायी नॉर्वेची मासळी
दोन दिवस धक्क्याला सडवली,
आणि माझ्याच चहाचा करार
न वाचता झाला.

समोरच्या डाउवेनं दारावर डोळा बसवलाय.
येणाऱ्या-जाणाऱ्यासाठी, म्हणे.
त्याच्याकडे पोस्टमनशिवाय कुणी येत नाही,
मग डोळ्यानं दिवसभर करायचं काय?
माझं दार बघतो.
मी तक्रार केली. नगरपालिकेतला रेमको, गुणी पोरगा,
म्हणाला, कायदा आहे ना,
फक्त ही वस्तू घंटा धरायची की कॅमेरा
यावर दोन खात्यांचं अजून जमत नाहीये.
तेवढ्यात डाउवेनं नवा डोळा घेतला,
त्याला अंधारातही दिसतं.
वरातीमागून घोडं ठीक होतं;
आमचं घोडं अजून
नालांच्या निविदा मागवतंय.

तरी मी सरकारला शिव्या देणार नाही.
त्या कायद्यानंच मला एक पत्र लिहिता आलं:
माझ्याबद्दल तुमच्यापाशी जे जे आहे, ते पाठवा.
किटलीवाल्यांनी आधी ओळख पटवायला लावली.
म्हणजे, माझी जन्मतारीख ज्यांच्याकडे होती
त्यांनी माझी जन्मतारीख विचारली.
मुदत तीस दिवसांची.
तिसाव्या दिवशी, रात्री अकरा अठ्ठावन्नला
तीनशे बारा पानं.

ग्रंथालयात छापून घेतली, पानाला दहा सेंट.
एकतीस युरो वीस. इतक्या रकमेचं मी आहे.

बरंचसं कंटाळवाणं.
सहा चाळीस. चार कप. चौऱ्याण्णव अंश.
एक रकाना मनःस्थितीचा: 'अंदाजे प्रसन्न'.
येल्मरला रुग्णवाहिकेत घातलं त्या पहाटेही
अंदाजे प्रसन्न.
हसले. शेजारच्या टेबलावरच्या बाईनं वळून पाहिलं.

मग पान दोनशे सहा.
तो गेला नऊ मार्चला.
दहा मार्च, दोन कप.
अकरा मार्च, दोन कप.
एप्रिल सगळा, मे सगळा, दोन कप.
एकोणीस जून: एक.

त्या दिवशी काय झालं, मला आठवत नाही.
पाऊस होता का? कुणाचा फोन आला होता?
मुलीला ठाऊक नाही, मला ठाऊक नाही,
ठाऊक आहे ते एका किटलीला
आणि कुठल्या तरी देशातल्या थंडगार गोदामाला.
बरोबर तीन आठवड्यांनी जाहिरात आली:
लहान किटली. एकट्या माणसासाठी सुटसुटीत.

खोडून घ्यायचा हक्क आहे मला.
कलम रेमकोला तोंडपाठ.
एक चौकोन, त्यात खूण, झालं.
मी कळवलं: सगळं खोडा.
दोनशे सहा ते दोनशे चौदा
वीजबिलांखाली खणात ठेवली आहेत. ती माझी.
उत्तर आलं: विनंती मिळाली.
तुमचा अनुभव कसा वाटला? पाचपैकी किती तारे?

मी पाणी आता पातेल्यात तापवते.

परवा डाउवे रस्ता ओलांडून आला.
किटली विकायचीय का?
तुला कुणी सांगितलं, म्हटलं.
तो ओशाळला. डोळ्यानं.
खोकं बाहेर ठेवताना तुम्ही दिसलात.

आत ये म्हटलं, थंडी आहे.
तो चहात तीन चमचे साखर घालतो,
डॉक्टरांनी बंद केलेली.
मी कुणाला सांगणार नाही.
खिडकीतून दिसतंच.